अंतिम मुक्काम वागादुगु : शस्त्रबंदी, कागदपत्रे आणि उगमाचा शोध

१३ मार्च १९९९ रोजी युक्रेनहून आलेले आन्तोनोव्ह-१२४ जातीचे एक अवाढव्य मालवाहू विमान बुर्किना फासोच्या राजधानीत, वागादुगु येथे उतरले. विमानात ६८ टन युद्धसामग्री होती. शस्त्रे आणि काडतुसे यांच्या ७१५ पेट्या, काडतुसांच्या दारूच्या ४०८ पेट्या, शिवाय रणगाडाभेदी अस्त्रे, विमानांवर डागावयाची क्षेपणास्त्रे, रॉकेट-गोळे आणि ते डागण्याच्या नळ्या. या साऱ्याची कागदपत्रे चोख होती. विकणारी संस्था युक्रेन सरकारची होती, तिच्यापाशी निर्यातीचा परवाना होता, मध्यस्थ कंपनी जिब्राल्टरची होती, विमान भाड्याने मिळवून देणारी कंपनी ब्रिटिश होती आणि ज्या देशाच्या नावे माल निघाला होता त्याच्यावर कसलीही शस्त्रबंदी नव्हती. मग थोड्याच दिवसांत हा माल लायबेरियात, म्हणजे १९९२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रबंदीखाली असलेल्या देशात, कसा पोहोचला?

आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. शस्त्रांच्या व्यापाराविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार तो काय, असे कोणी विचारले तर ते गैर ठरणार नाही. आमचे उत्तर एवढेच की वरील प्रश्नाचा छडा ज्यांनी लावला त्यांनी मुख्यतः वाचनाचे काम केले. सुरक्षा परिषदेने नेमलेल्या पाच जणांच्या तज्ज्ञमंडळाने डिसेंबर २००० मध्ये सिएरा लिओनविषयी जो अहवाल सादर केला, तो राजनैतिक दस्तऐवज म्हणून रूक्षच आहे. पण त्याची पद्धती पाहिली तर पाठचिकित्सेचा एक उत्तम धडा म्हणून तो वर्गात ठेवता येईल. एकाच मजकुराच्या अनेक प्रती, त्यांतले फरक, शिक्के, सह्या, तारखा, आणि कागदाने दिलेली ग्वाही बाहेरच्या पुराव्याशी ताडून पाहणे हे सारे तेथे आहे. फरक इतकाच की येथे पाठभेदाची किंमत माणसांच्या हातापायांनी मोजली गेली.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. १९८९ च्या डिसेंबरात चार्ल्स टेलर यांनी लायबेरियात बंड उभारले आणि मार्च १९९१ मध्ये त्यांच्याच पाठबळावर फोदे सांकोह यांची 'रेव्होल्यूशनरी युनायटेड फ्रंट' ही संघटना शेजारच्या सिएरा लिओनमध्ये घुसली. सुरक्षा परिषदेने नोव्हेंबर १९९२ मध्ये लायबेरियावर आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये सिएरा लिओनवर शस्त्रबंदी घातली. पुढच्या वर्षी सिएरा लिओनच्या निर्वाचित सरकारला तीतून वगळून ती बंडखोरांपुरती ठेवण्यात आली. दरम्यान टेलर १९९७ मध्ये निवडणूक जिंकून लायबेरियाचे अध्यक्ष झाले होते. ६ जानेवारी १९९९ रोजी बंडखोर फ्रीटाऊन शहरात शिरले. त्या आठवड्यांत तेथे हजारो माणसे मारली गेली आणि कित्येकांचे हात मनगटापासून वा कोपरापासून तोडण्यात आले. कुऱ्हाड आणि कोयता ही या क्रौर्याची हत्यारे म्हणून जगाच्या लक्षात राहिली. परंतु कोयता घेतलेल्या माणसाला राजधानीपर्यंत पोहोचवते ती रायफल, आणि या दोन्ही देशांत रायफल बनवणारा कारखाना नव्हता. प्रत्येक काडतूस बाहेरून आलेले होते. हिऱ्यांच्या मोबदल्यात शस्त्रे, हे समीकरण तेव्हाही सर्वांना ठाऊक होते. ठाऊक नव्हती ती वाट.

वाट शोधायची म्हणजे उगम शोधायचा असे आपण सहज म्हणतो. पण शस्त्राच्या बाबतीत उगम हा शब्द फसवा आहे. काडतुसाच्या बुडावर कारखान्याचा सांकेतिक क्रमांक आणि वर्ष ठसवलेले असते. रायफलीच्या अंगावर कारखान्याची खूण आणि अनुक्रमांक कोरलेला असतो. जाणकाराला त्यांवरून शस्त्राचा जन्म कोठे व कधी झाला हे सांगता येते. परंतु कलाश्निकोव्ह जातीच्या रायफली सोव्हिएत संघात, चीनमध्ये, रुमानियात, बल्गेरियात आणि आणखी कितीतरी ठिकाणी लाखोंनी तयार झाल्या. सोव्हिएत संघ मोडल्यावर त्याच्या कोठारांचा मोठा वाटा युक्रेनच्या पदरी आला. अशी रायफल जंगलात सापडली तर तिचा जन्म तीस वर्षांपूर्वी एखाद्या सोव्हिएत कारखान्यात झाला, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. तिचे पहिले मालक, पहिला प्रवास, पहिली विक्री हे सारे कायदेशीर असू शकते. तपास करणाऱ्याला हवी असते ती जागा, जेथे सरळ रस्त्यावरून चाललेली वस्तू आडवाटेला वळली. नदीचा उगम शोधण्यापेक्षा पाटाचे पाणी कोणी कोठे फोडले हे शोधण्याशी या कामाचे साम्य अधिक आहे.

आणि हे फोडणे होते कागदावर. शस्त्रांच्या कायदेशीर व्यापारात 'एंड यूजर सर्टिफिकेट', म्हणजे अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र, हा कळीचा दस्तऐवज असतो. खरेदी करणारे सरकार त्यात लिहून देते की हा माल आमच्याच उपयोगासाठी आहे आणि तो आम्ही तिसऱ्या कोणाला देणार नाही. हा कागद पाहून विकणारा देश निर्यातीचा परवाना देतो, विमान कंपनी माल उचलते आणि वाटेतले देश आपल्या आकाशातून जाऊ देतात. पेशवाईतल्या कागदांवर शेवटी उमटणाऱ्या 'मोर्तब सूद' या शिक्क्याची येथे आठवण व्हावी. तो उमटला की कागद पुरा झाला, पुढे कोणी विचारायचे नाही.

मार्च १९९९ च्या मालासाठी असे प्रमाणपत्र होते आणि ते बनावट नव्हते, हे विशेष. त्यात जिब्राल्टरच्या कंपनीला बुर्किना फासोच्या संरक्षण मंत्रालयासाठी शस्त्रे खरेदी करण्याचा अधिकार दिला होता, माल त्या मंत्रालयाच्याच वापरासाठी आहे आणि बुर्किना फासो हाच अंतिम मुक्काम आहे अशी हमी होती. सही होती लेफ्टनंट कर्नल जिल्बेर दिएंदेरे यांची. हे गृहस्थ अध्यक्ष ब्लेझ काँपाओरे यांच्या सुरक्षा दलाचे प्रमुख. (पुढे २०१५ मध्ये त्यांनी अल्पजीवी बंड केले आणि २०२२ मध्ये तोमा सांकारा यांच्या हत्येच्या खटल्यात त्यांना जन्मठेप झाली.) आता वाचकाने क्षणभर थांबावे. माल संरक्षण मंत्रालयाचा आणि सही अध्यक्षांच्या अंगरक्षक दलाच्या प्रमुखाची. जुन्या कागदांची सवय असलेला संशोधक, वतनाच्या भांडणात पुढे केलेला महजर हाती आला की आधी हेच पाहतो : हे लिहून देण्याचा अधिकार ज्याला होता, त्यानेच लिहिले आहे काय? राजवाड्यांपासून आपल्याकडे ही शिस्त रुजलेली आहे. परवाना देणाऱ्यांनी ती पाळली असती तर निदान एक प्रश्न विचारला गेला असता. बहुधा तो विचारण्यात कोणालाच रस नव्हता.

खऱ्या सहीचा आणि खोट्या मजकुराचा हा कागद बोलता करायचा तर त्याच्या शेजारी दुसरे कागद ठेवावे लागतात. तज्ज्ञमंडळाने तेच केले. त्याच दिवसांत एक लहान प्रवासी जेट, बीएसी-१११ जातीचे, वागादुगु आणि मन्रोव्हिया यांच्या दरम्यान खेपा घालत होते. त्याची नोंदणी केमन बेटांची, ते चालवणारी कंपनी मोनाकोची, आणि मालक लिओनिद मिनिन, युक्रेनमध्ये जन्मलेले इस्रायली नागरिक, ज्यांचा लायबेरियात इमारती लाकडाचा धंदा होता. हे विमान पूर्वी अमेरिकेतल्या सिॲटल सुपरसॉनिक्स या बास्केटबॉल संघाचे होते आणि संघाचे बोधचिन्ह त्याच्या अंगावर अजून होते. कादंबरीकाराने हा तपशील योजला असता तर समीक्षकाने तो भडक म्हणून बाजूला केला असता. विमानाच्या उड्डाणांच्या नोंदी, विमानतळांवरचे आगमन-निर्गमन, वैमानिक व कर्मचाऱ्यांच्या जबान्या यांची जुळणी केली तेव्हा दिसले की मोठे विमान उतरल्यानंतर लगेच या छोट्या विमानाने तोच माल लायबेरियाला वाहून नेला होता. बुर्किना फासोच्या सरकारने याचा इन्कार केला. पण तारखांचे म्हणणे वेगळे होते.

मिनिन यांचे नाव तपासात पक्के झाले ते एका योगायोगाने. ऑगस्ट २००० मध्ये मिलानजवळच्या चिनिझेल्लो बाल्सामो या गावी एका हॉटेलच्या खोलीत इटालियन पोलिसांनी त्यांना कोकेनच्या प्रकरणी पकडले. खोलीत हिरे सापडले, निरनिराळ्या देशांच्या नोटा सापडल्या, आणि सापडले दीड हजारांच्या आसपास कागद. करार, हिशेब, फॅक्स, बँकेची पत्रे, शस्त्रांच्या याद्या, अनेक भाषांतले. पोलिसांना आरंभी त्यांचे महत्त्व कळले नाही. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे संग्रहालय ते हेच : एका व्यापाऱ्याचे दप्तर. इतिहासकाराला दरबारी बखरीपेक्षा सावकाराची वही अधिक विश्वासार्ह वाटते, कारण वही भावी पिढीसाठी लिहिलेली नसते.

त्या दप्तरातून दुसरा माल उघड झाला. जुलै २००० च्या मध्यात आणखी एक आन्तोनोव्ह-१२४ युक्रेनहून आयव्हरी कोस्टमधील आबिजानला उतरले होते. त्यात ७.६२ मिलिमीटरची पन्नास लाख काडतुसे होती, वजन ११३ टन. प्रमाणपत्रावर सही होती जनरल रोबेर गेई यांची, जे १९९९ च्या डिसेंबरातील बंडानंतर त्या देशाचे सत्ताधीश झाले होते. आबिजानहून मन्रोव्हियाला काडतुसे नेण्यासाठी इल्यूशिन-१८ जातीचे विमान वापरले गेले. पद्धत तीच : मोठे विमान शेजारच्या निर्वेध देशात, आणि तेथून लहान विमानाच्या फेऱ्या.

येथे एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. याच जुलैच्या मध्यात सिएरा लिओनच्या पूर्वेस कैलाहुन येथे बंडखोरांच्या वेढ्यात अडीच महिने अडकलेल्या दोनशेहून अधिक भारतीय सैनिकांची 'ऑपरेशन खुकरी'ने सुटका झाली. तेथील शांतिसेनेचे प्रमुख तेव्हा मेजर जनरल विजय जेटली होते. हा पराक्रम आपल्याकडे अधूनमधून सांगितला जातो आणि तो सांगण्याजोगा आहेच. मात्र त्या वेढ्यातल्या बंदुका आणि त्यांतली काडतुसे कोठून आली होती, हा प्रश्न त्या कथनात कोठेच येत नाही. पाच जणांच्या त्या तज्ज्ञमंडळात इंटरपोलकडून आलेले हरजित सिंग संधू हे भारतीय होते, हेही आपल्या स्मरणात नाही. वीरकथेला कथानायक लागतो, दप्तर चाळणारा माणूस चालत नाही.

कागदाच्या बळावर शस्त्रे फिरतात याचा अनुभव आपल्यालाही आला होता. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलियावर आकाशातून शस्त्रे टाकण्यात आली आणि काही दिवसांनी ते विमान मुंबईत उतरवून ताब्यात घेतले गेले. शस्त्रे बल्गेरियातून निघाली होती, आणि प्रमाणपत्रात खरेदीदार म्हणून बांगलादेशाचे नाव होते. तेथे शस्त्रबंदीचा प्रश्न नव्हता, म्हणून ते प्रकरण या लेखाच्या कक्षेबाहेरचे. युक्ती मात्र एकाच शाळेतली.

सही खरी आणि मजकूर खोटा, हा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात सहीही खोटी असे. गिनीची राजधानी कोनाक्री येथे पेकोस नावाची एक कंपनी होती. तिच्या नावाने गिनी सरकारची म्हणून कितीतरी प्रमाणपत्रे पूर्व युरोपातल्या विक्रेत्यांकडे फिरली. गिनीने अशी मागणी केलीच नव्हती. २००० च्या नोव्हेंबरातील प्रकरण तर शब्दशः थक्क करणारे आहे. युगांडाने स्लोव्हाकियातल्या रायफली मागवल्या होत्या. माल कराराबरहुकूम नाही म्हणून त्यांनी तो परत पाठवायचे ठरवले. दलालाने सांगितले, परत न्यायला विमान येते आहे. गिनीच्या नावचे प्रमाणपत्र तयारच होते. एन्तेब्बेहून इल्यूशिन विमान एक हजार रायफली घेऊन उडाले आणि मन्रोव्हियाला उतरले. उरलेल्या साडेबाराशेंसाठी ते पुन्हा आले, तेव्हा मात्र युगांडाच्या अधिकाऱ्यांना संशय आला आणि त्यांनी माल अडवला. म्हणजे 'परत पाठवणे' हेसुद्धा वाट बदलण्याचे निमित्त होऊ शकते. २००१ च्या फेब्रुवारीत दुरुस्तीला आलेले एक लढाऊ हेलिकॉप्टर ब्रातिस्लाव्हाच्या विमानतळावर असेच अडवले गेले; त्याच्या आधीचे निघून गेले होते.

शोध लागत गेला तसतशी सुरक्षा परिषदेची भाषा कडक झाली. मार्च २००१ मध्ये लायबेरियावर नवी शस्त्रबंदी आली आणि त्या देशात नोंदलेली सारी विमाने जमिनीवर ठेवण्याचा आदेश निघाला. तरीही २००२ च्या जून ते ऑगस्ट या काळात बेलग्रेडहून सहा विमाने भरून दोनशे टनांहून अधिक जुनी युगोस्लाव्ह युद्धसामग्री मन्रोव्हियाला गेली. या वेळी प्रमाणपत्रावर नाव होते नायजेरियाचे. नायजेरियाने ते खोटे असल्याचे सांगितले. बेलग्रेडच्या अधिकाऱ्यांनी, त्यांचे कौतुक करायला हवे, तज्ज्ञांना कागद उघडून दाखवले, त्यामुळे ही साखळी जवळजवळ संपूर्ण उलगडली. कारखाना, दलाल, विमान, तारीख, वजन. तोवर टेलर सरकारनेही स्वसंरक्षणाचा हक्क पुढे करून शस्त्रे आणत असल्याचे उघड मान्य करायला सुरुवात केली होती. गिनीच्या आश्रयाने लढणारे त्यांचे विरोधकही निःशस्त्र नव्हतेच. बंदी त्यांनाही लागू होती आणि तिचा उपयोग तितकाच झाला.

इतके सारे उलगडल्यावर काय झाले, हा या विषयाचा आम्हाला सर्वाधिक अस्वस्थ करणारा भाग आहे.

इटलीत मिनिन यांना अमली पदार्थांच्या प्रकरणी शिक्षा झाली. शस्त्रांच्या आरोपाबाबत मात्र २००२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की ही शस्त्रे इटलीच्या भूमीवरून गेलीच नव्हती, तेव्हा इटालियन न्यायालयांना अधिकार पोहोचत नाही. मिनिन सुटले. कायद्याच्या दृष्टीने या निर्णयात आम्हाला खोट काढता येणार नाही. पण त्यातून निघणारा अर्थ पाहावा. माल युक्रेनचा, कंपनी जिब्राल्टरची, विमानाची नोंदणी केमन बेटांची, कार्यालय मोनाकोचे, प्रमाणपत्र बुर्किना फासोचे, गुन्हा लायबेरियात आणि कागद इटलीत. या साखळीतल्या प्रत्येकाने केवळ स्वतःपुरता भाग केला होता आणि आपापल्या भागात जवळजवळ प्रत्येकजण निर्दोष होता. युक्रेनने म्हणावे, आम्ही प्रमाणपत्र पाहिले. विमान कंपनीने म्हणावे, आम्ही वागादुगुला माल पोहोचवला. ही विधाने खरी होती. एकेक वाक्य खरे आणि परिच्छेद खोटा, अशी ही रचना आहे. आणि न्यायालयापुढे सहसा एकेक वाक्यच उभे राहते.

डच लाकूडव्यापारी गुस कौवेनहोव्हेन यांचा खटला याचे दुसरे उदाहरण. त्यांच्या कंपनीच्या जहाजातून बुकॅनन बंदरात शस्त्रे उतरली असा आरोप होता. २००६ मध्ये आठ वर्षांची शिक्षा, २००८ मध्ये निर्दोष मुक्तता, २०१० मध्ये ती मुक्तता रद्द, आणि शेवटी २०१७ मध्ये त्यांच्या गैरहजेरीत एकोणीस वर्षांची शिक्षा. तेव्हा ते दक्षिण आफ्रिकेत होते. या व्यवहारांत ज्यांच्या विमानांचा वारंवार उल्लेख आला ते व्हिक्टर बूट २००८ मध्ये बँकॉकला पकडले गेले आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्कला त्यांना पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. परंतु ती कोलंबियातील बंडखोरांना शस्त्रे विकण्याच्या कटासाठी, जो अमेरिकी हेरांनीच लावलेला सापळा होता. पश्चिम आफ्रिकेचा त्या आरोपपत्राशी संबंध नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये एका अमेरिकी बास्केटबॉलपटूच्या बदल्यात त्यांची सुटका झाली.

चार्ल्स टेलर यांच्यावरचा निकाल २६ एप्रिल २०१२ रोजी लागला आणि पुढे ५० वर्षांची शिक्षा झाली. शस्त्रांच्या उगमाचा प्रश्न तेथे निर्णायक ठरला, पण वाचकाच्या अपेक्षेपेक्षा वेगळ्या तऱ्हेने. न्यायालयाने भर दिला तो मार्च १९९९ च्या मालावर नव्हे, तर त्याआधी १९९८ च्या अखेरीस बुर्किना फासोमार्गे आलेल्या एका मालावर. कारण कोनोवरील आणि फ्रीटाऊनवरील हल्ल्यांत वापरला गेला तो हाच, असे न्यायाधीशांना साक्षीपुराव्यावरून पटले. फ्रीटाऊनमध्ये हात तोडले गेले जानेवारीत, आणि ज्याचे कागद सर्वांत उत्तम उपलब्ध आहेत तो माल उतरला मार्चमध्ये. ज्या मालाने राजधानी पेटली त्याची वाट प्रामुख्याने माणसांच्या तोंडून सांगितली गेली. त्यांतले काही स्वतः बंडखोर होते. पुढचा माल मात्र पेट्यांच्या संख्येसह आपल्याला माहीत आहे. इतिहासाची साधने अशीच असमान पडतात.

२०१३ च्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शस्त्रव्यापाराचा करार संमत केला. माल वळवला जाण्याविषयी त्यात स्वतंत्र कलम आहे, आणि त्याची भाषा वाचताना पेकोसची प्रमाणपत्रे आठवल्यावाचून राहत नाहीत. त्या मतदानात भारत तटस्थ राहिला. बुर्किना फासोमध्ये काँपाओरे यांची राजवट २०१४ मध्ये कोसळली. लायबेरियात २००३ नंतरच्या निःशस्त्रीकरणात लाखाहून अधिक माणसांनी आपण लढवय्ये असल्याची नोंद केली आणि जमा झालेली शस्त्रे भरली सुमारे २८ हजार. उरलेल्यांच्या हाती काय होते आणि ते नंतर कोठे गेले, याची वाट आयव्हरी कोस्टकडे जाते, जेथे सप्टेंबर २००२ मध्येच युद्ध पेटले होते आणि नोव्हेंबर २००४ मध्ये सुरक्षा परिषदेने आणखी एक शस्त्रबंदी घातली.